र. धों., ना. धों. आणि एक हरवत चाललेलं नाव

र. धों. कर्वे. ना. धों. महानोर. यातलं एक तरी नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात किंवा एखाद्या कवितेखाली वाचलं असेल. त्या ‘धों.’चा पूर्ण शब्द आहे धोंडो. रघुनाथ धोंडो आणि नामदेव धोंडो. म्हणजे दोघांच्याही वडिलांचं नाव धोंडो.

धोंडो, धोंडू, धोंडिबा, धोंडीराम ही सगळी एकाच घरातली नावं. मूळ शब्द धोंडा, म्हणजे दगड. आज नव्याने जन्मलेल्या मुलाचं नाव धोंडो ठेवलंय असं तुम्ही शेवटचं कधी ऐकलं?

माझ्या ताईला मुलगा झाला तेव्हा नाव ठरवायला आम्ही एक शीट बनवली होती. रकाने असे: अर्थ, अक्षरं किती, परदेशात उच्चारता येईल का, वर्गात अजून कुणाचं असेल का. आमच्या चुलतभावाने गमतीत खाली पणजोबांचं नाव टाकलं, ‘धोंडिबा’. ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. आजीला वाचून दाखवलं तर ती हसली नाही. म्हणाली, “अरे, मामंजींच्या आधीची तीन लेकरं राहिली नव्हती. म्हणून ते धोंडिबा.”

‘राहिली नव्हती’ म्हणजे जगली नव्हती. पूर्वी ज्या घरात मुलं वाचत नसत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम हलकं नाव द्यायची पद्धत होती. हिशोब सरळ होता. चांगल्या गोष्टीला नजर लागते, मृत्यूचंही तिच्याकडे लक्ष जातं. दगडाकडे कोण बघतंय? मग मुलगा धोंडू किंवा दगडू व्हायचा. बाळाला केरावर ठेवल्यासारखं करून उचलायचं, तो केरू. दुसऱ्याच्या ओटीत टाकून भीक म्हणून परत मागायचं, तो भिकाजी किंवा भिकू. मुलगी आहे असं भासवायला नाक टोचायचं, तो नथू. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. तेलुगूत उकिरड्यावरून पडलेलं पेंटय्या हे नाव आहे आणि बंगालीत तीन कवड्यांना ‘विकत घेतलेला’ तिनकौडी.

आमच्या क्षेत्रात एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: महत्त्वाच्या फाइलला फालतू नाव देऊन ती सुरक्षित होत नाही. खरंय. पण ज्यांच्याकडे ना लस होती, ना अँटिबायोटिक, ना जवळपास डॉक्टर, त्यांच्या हातात बदलण्यासारखं फक्त नावच होतं.

ही भीती फक्त गरिबाघरची किंवा खेड्यातली नव्हती. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. त्यानंतर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि १८८६ साली त्या अमेरिकेतून पदवी घेऊन बाहेर पडल्या. धोंडो हे नावही सगळ्या थरांत होतं. १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. गाण्यात जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी, म्हणजे हे नाव मुलींनाही मिळत होतं.

प्रत्येक धोंडोमागे गेलेली भावंडं असतीलच असं नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती, त्यामुळे नाव वारशानेही फिरलं. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, म्हणून त्या महिन्यात जन्मलेला मुलगाही कुठे कुठे धोंडू व्हायचा. आणि धोंड्याला दुसरी बाजूही आहे. तो टिकतो, पावसापाण्याने संपत नाही. त्याला शेंदूर लावला की तो देव होतो. आईबाप एकाच शब्दात मृत्यूला सांगत होते, ‘हा काही कामाचा नाही’, आणि बाळाला सांगत होते, ‘तू टिक’.

या नावाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस खरोखरच टिकला. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन गेले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या माणसाने १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांचा मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. भरपूर मुलं जन्माला घालायची आणि त्यातली काही जातील हे धरूनच चालायचं, अशा जगात धोंडो हे नाव जन्मलं होतं. ते जग बदलायला निघालेल्या माणसाच्या नावात ‘धों.’ असावं, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि जग बदललंही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२०च्या सरकारी आकडेवारीत हा आकडा २८ आहे, महाराष्ट्रात १६. देवीची साथ गेली, लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. मृत्यूला फसवायची गरज कमी झाली, तसं धोंडो हे नावही मागे पडलं. त्यात शहरी शाळेतल्या चिडवण्याचाही हात आहेच. २०१४च्या ‘टाइमपास’मधल्या हिरोचं नाव दगडू होतं आणि ते ऐकूनच थिएटरात हशा पिकायचा. तीच मंडळी पुण्यात दगडूशेठच्या गणपतीपुढे हात जोडतात, तेव्हा त्या नावातला दगड कुणाला खटकत नाही.

ताईच्या मुलाचं नाव धोंडिबा ठेवलेलं नाही, आणि ठेवावं असं मीही म्हणणार नाही. आमच्या शीटमधली मोठी काळजी होती, वर्गात त्याच नावाचा दुसरा मुलगा असेल का. पणजोबांच्या आईची काळजी होती, हा वर्गात बसण्याइतका मोठा होईल का. ही काळजी आपल्यापर्यंत पोहोचली नाही याचा मला आनंद आहे.

फक्त ती सगळीकडूनच गेली असं समजू नका. हजारात सोळा ही २०२०ची राज्याची सरासरी होती. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय आणि अजूनही वाचतो. नाव यादीतून गेलं, पण ते ज्या भीतीने ठेवलं जायचं ती भीती काही पाड्यांवर अजून मुक्कामाला आहे.