आशीर्वादित मेणबत्ती
कॅथलिक उपासनेत धर्मगुरूने प्रार्थनापूर्वक आशीर्वाद दिलेली, ख्रिस्ताच्या प्रकाशाची खूण मानली जाणारी मेणबत्ती. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणात मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. दुसऱ्या दिवशी, संत ब्लेझ यांच्या स्मरणार्थ, दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्याशी टेकवतात. सर्वांत मानाची पास्का मेणबत्ती ईस्टरच्या आदल्या रात्री नव्या अग्नीवर पेटते; तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरतात. महाराष्ट्रात मेणबत्त्यांशी जोडलेल्या भक्तीचे सर्वांत हृद्य रूप वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या सप्टेंबरमधील जत्रेत दिसते: हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसापोटी वाहतात, आणि वाहणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही मोठ्या श्रद्धेने येतात.