सचोटीची जमा कोणाच्या खात्यावर ?

सचोटीनें वागणाराचें शेवटीं कल्याण होतें असें आपण मुलांस शिकवितों, आणि तींच मुलें मोठीं होऊन बाजारांत व कचेरींत वावरूं लागलीं म्हणजे विचारतात, "तें कल्याण होतें तरी केव्हां?" हा प्रश्न उद्धटपणाचा खास नव्हे. नीतिवचनांपेक्षां त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें हें बरें. आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. नागोठणें, रोहें व पेण हीं शेजारचीं तीन गांवें त्यास पुरेशीं आहेत.

नागोठण्याजवळ अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. निजामशाहीच्या काळांत, १५८० च्या सुमारास, चौलच्या काजी अलाउद्दीन यांनीं तो बांधविला, व त्यास तीन लक्ष रुपये खर्च आला, अशी परंपरा सांगते. दोन कठड्यांमधील वाट जेमतेम दहा फुटांची. पण अंबेचे पूर अंगावर घेत तो शतकानुशतकें उभा राहिला. गवंड्यांनीं चुना कमी घातला असता, तर तें त्या वर्षीं कोणास कळलें असतें ? त्यांनीं तसें केलें नाहीं. त्याबद्दल त्यांस ठरल्या मजुरीहून अधिक कांहीं मिळालें असेल असें वाटत नाहीं. त्यांचीं नांवेंहि उरलीं नाहींत. लाभ झाला तो पुढील पिढ्यांतील वाटसरूंस.

आतां रोह्याकडे वळूं. चिंतामणराव देशमुख यांचें बालपण येथें गेलें. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्यें अर्थमंत्री झाले, आणि १९५२ च्या निवडणुकींत याच कुलाबा जिल्ह्यानें त्यांस लोकसभेवर पाठविलें. १९५६ सालीं मुंबई केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय त्यांस पटला नाहीं. मौन धरलें असतें तर पद राहिलें असतें; त्यांनीं राजीनामा दिला. १९५९ मध्यें उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठीं न्यायाधिकरण नेमावें, आपण प्रकरणें पुढें मांडूं, असें त्यांनीं जाहीरपणें म्हटलें. पंडित नेहरूंनीं तें मानलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें हें खरें. पण १९६९ सालीं राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत ते पराभूत झाले. मुंबई मात्र १९६० सालीं महाराष्ट्रास मिळाली, आणि केंद्रीय दक्षता आयोग १९६४ मध्यें स्थापन झाला. या गोष्टी एकट्या चिंतामणरावांमुळें घडल्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या वेळीं बोलणें महाग होतें त्या वेळीं त्यांनीं किंमत मोजली, व फळ आलें तें सर्वांच्या वाट्यास.

याची दुसरी बाजू पेणनें पाहिली. २०१० सालीं तेथील अर्बन सहकारी बँकेंतील बनावट कर्जखात्यांचा प्रकार उघडकीस आला व रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले. अडकला तो पैसा कोणाचा ? काटकसर करून ठेव ठेवणाऱ्या हजारों सामान्य कुटुंबांचा. लबाडी एकाची, आणि भुर्दंड मात्र दुसऱ्यास.

गिऱ्हाईक उद्यां पुन्हां त्याच दुकानीं येणार असतें, तेथें खरें माप देणाराची पत वाढते, व सचोटी त्याच्याच पदरांत फळ टाकते. परंतु व्यवहार मोठा झाला, देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखीनासे झाले, म्हणजे हें नातें तुटतें. मग सचोटीचा नफा आणि लबाडीचा तोटा हे दोन्ही परक्याच्याच खात्यावर पडतात. म्हणून "मला काय मिळेल ?" या हिशेबांत सचोटी पुष्कळदां तोट्याचीच दिसते, आणि तो हिशेब खोटाहि नसतो, फक्त अपुरा असतो.

तेव्हां मुलांस बक्षिसाचें खोटें आश्वासन देऊं नये. सचोटी शिकवितांना तरी तें शोभत नाहीं. ज्या पुलावरून आपण जातों तो कोणा अनोळखी माणसानें चुना न चोरतां बांधला आहे, एवढें त्यांस सांगावें. त्याचबरोबर आपणहि एक कर्तव्य ओळखावें : खरें बोलणारास त्याची किंमत एकट्यानें मोजावी लागूं नये. चिंतामणरावांसारखा अधिकार व कीर्ति ज्यांच्यापाशीं नाहीं, त्या कचेरींतील साध्या कारकुनाच्या पाठीशीं शेजाऱ्यांनीं उभें राहिलें, तरच तो दुसऱ्यांदा खरें बोलूं शकेल.