विकिपीडिया : ‘कशावरून?’ या प्रश्नाची वाटचाल

जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मार्च २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ हा तज्ज्ञांचा ज्ञानकोश सुरू केला. सात टप्प्यांच्या परीक्षणात लेख अडकून पडू लागले. त्यातून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा जन्म झाला. येथे लिहिण्याची मुभा सर्वांना होती. लेखकाची पदवी प्रमाण नव्हती, मग विश्वास कशावर ठेवायचा? स्वयंसेवकांनी चर्चेतून नियम घडवला : प्रत्येक विधान प्रकाशित, विश्वासार्ह स्रोतावरून पडताळता आले पाहिजे, स्वतःचे संशोधन येथे मांडू नये.

२००५ हे वर्ष कसोटीचे ठरले. ज्येष्ठ अमेरिकी पत्रकार जॉन सिगेंथेलर यांच्यावरील लेखात मे महिन्यात केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध सुचवणारा खोटा मजकूर घातला गेला आणि चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. नोव्हेंबरात त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर जाब विचारला. डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यासाठी नोंदणी सक्तीची झाली. हयात व्यक्तींवरील लेखांसाठी कडक धोरण आले. त्याच महिन्यात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने दोन्ही कोशांतले ४२ विज्ञानलेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. लेखामागे विकिपीडियात सुमारे चार, तर ब्रिटानिका या प्रस्थापित ज्ञानकोशात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरीही नव्या कोशाची दखल घेणे भाग पडले.

पुढचा टप्पा स्रोतांच्या पारखीचा होता. विकिपीडियावरूनच उतरवलेली बातमी पुन्हा तिथेच संदर्भ म्हणून येऊ लागली, तेव्हा मूळ शोधण्याची शिस्त लागली. २०१७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी प्रदीर्घ चर्चेनंतर ‘डेली मेल’ हे दैनिक सामान्यतः अविश्वसनीय ठरवले. वारंवार वादात येणाऱ्या स्रोतांची वर्गवार यादीही तयार झाली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. येथील अडचण वेगळी : मराठीतले बरेच ज्ञान आजही छापील पुस्तकांत आहे. एखाद्या किल्ल्याच्या लेखात बांधकामाचे साल आधाराविना आले, की पुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. मग कुणी ग्रंथालयात जाऊन गॅझेटिअर उघडतो, मजकूर ताडून पाहतो आणि ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ क्रमांक नोंदवतो. साल चुकले असेल तर दुरुस्त करतो. या कामाचे मानधन नाही, लेखावर नावही नाही. वाक्याच्या शेवटी उमटतो तो फक्त एक छोटा निळा आकडा. विकिपीडियाची विश्वासार्हता अशाच लाखो आकड्यांवर उभी आहे.