शनिवारवाड्याची जोती : एका उत्खननाचा अर्थ

१. प्रास्ताविक

पुण्याच्या मध्यवस्तीतील शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ओलांडून आत गेले म्हणजे दिसतात ती वाड्याची जोती होत. तट, बुरूज, दरवाजे आणि नगारखाना अद्यापि उभे आहेत; परंतु ज्या इमारतींच्या रक्षणार्थ ते उभारले, त्यांच्या जागी घडीव दगडांचे चौथरे, तळखडे, हौद आणि हिरवळ एवढेच उरले आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाडा भस्मसात झाला व त्याची जोती तेव्हापासून अशीच उघडी पडून राहिली, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. आगीनंतरची सुमारे पंचाण्णव वर्षे या जागेवर दुसरीच वस्ती नांदत होती व जुने पाये बहुतांशी तिच्याखाली दबलेले होते. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. आतील कचेरीची इमारत १९२३ साली पाडण्यात आली आणि त्यानंतर पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून पेशवेकालीन पाये उजेडात आणले.

म्हणजे आज आपल्यासमोर असलेला अवशेष हा जितका अग्नीने केलेला आहे, तितकाच कुदळीनेही केलेला आहे. या उत्खननाने इतिहासाच्या अभ्यासकाला काय दिले आणि त्याच्या हातून काय नेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. उभारणी आणि अंत

थोरल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजी, माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ या दिवशी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी. या इंग्रजी तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन पंचांगाच्या आहेत. त्या पंचांगाने दोन्ही दिवशी शनिवार पडतो. नव्या पंचांगाने मोजू गेल्यास पहिल्या तारखेस मंगळवार येतो. वाड्याच्या व पेठेच्या नावाचा विचार करताना तारखांतील हा फरक ध्यानात ठेवणे अवश्य आहे. आरंभीच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये झाल्याचे नमूद आहे. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आणला, अशी परंपरागत माहिती आहे.

प्रथम बांधलेला वाडा आणि नंतर प्रसिद्धीस आलेला वाडा एक नव्हेत. नानासाहेबांच्या कारकिर्दीत तटबंदी पुरी झाली, नवी दालने चढली. पुढे सवाई माधवरावांच्या काळापर्यंत भर पडतच गेली. गणेश रंगमहाल, आरसे महाल, हस्तिदंती महाल, मेघडंबरी ही नावे अशा वाढत्या वास्तूची आहेत. पेशवाईतही वाड्यास आगी लागल्या आणि त्यानंतर डागडुजी झाली. सारांश, जोत्याच्या एकाच रांगेत दोन-तीन पिढ्यांचे काम असू शकते.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. सत्तेचे आसन हलल्यावर इमारतीचे काम पालटले. तुरुंग, रुग्णालय, वेड्यांचे इस्पितळ अशा गरजा तिने भागविल्या. १८२८ च्या आगीनंतर मोकळ्या झालेल्या जागेत पोलिसांची वस्ती झाली आणि पुढे न्यायकचेरी आली. आगीत लाकूडकाम गेले. पेशवेकालीन वाड्यात सुरूच्या आकाराचे खांब, तुळया, महिरपी, तक्तपोशी हे सारे सागवानी असे. म्हणजे जे जळाले ते वाड्याचे केवळ अलंकरण नव्हते, तर त्याचा सांगाडाच होता. सांगाडा कोसळल्यावर विटांच्या भिंतीही ढासळणारच. दगडी जोते मात्र जळण्यासारखे नव्हते, आणि वर पडलेल्या विटा-मातीच्या ढिगाऱ्याने त्यास एक प्रकारे आच्छादनच मिळाले.

३. उत्खननाने काय दिले

उत्खननापूर्वी वाड्याच्या अंतर्भागाविषयीचे ज्ञान मुख्यतः कागदांवर व चित्रांवर अवलंबून होते. यांतील चित्रांची साक्ष सावधपणे घ्यावी लागते. १७९० च्या तहाच्या प्रसंगी सवाई माधवरावांचा दरबार आणि त्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट दाखविणारे सुप्रसिद्ध चित्र टॉमस डॅनियल याने १८०५ साली पुरे केले. ते जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून केलेले आहे, आणि वेल्स पुण्यास आला तो १७९२ मध्ये. चित्रातील दालन डोळ्यांनी पाहिलेले असेल. प्रसंग मात्र चित्रकाराने पाहिलेला नाही.

कागदांची अडचण याहून वेगळी आहे. दप्तरातून महालांची नावे, दुरुस्तीचा खर्च, समारंभांची वर्णने मिळतात. त्यांवरून जागेचा नकाशा सहसा काढता येत नाही. उलट जोते नकाशा देते, पण नाव देत नाही. या दोहोंना जोडणारा एक दुवा आहे, तो म्हणजे खण. जुन्या कागदांत घराचे माप खणांत सांगितलेले असते, आणि खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. खांब जळून गेला तरी त्याखालचा तळखडा जागेवर राहिला असेल, तर खण मोजता येतात. अमुक खणांचा सोपा, अमुक खणांचे दालन असे कागद म्हणतो. तळखड्यांच्या रांगा तो हिशेब पडताळून पाहू देतात. १९२३ नंतर उघड झालेल्या पायांचे खरे मोल या पडताळ्यात आहे. स्थलदर्शनाच्या फलकांवर महालांची नावे निश्चयाने लिहिलेली असली, तरी अभ्यासकाने प्रत्येक नावाचा पुरावा स्वतंत्रपणे तपासावा.

दुसरी देणगी पाण्याची. नानासाहेबांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पुण्यास पाणी आणले गेले. वाटेत हवा खेळती ठेवण्यासाठी उच्छ्वास बांधले आणि शहरात हौद भरले. वाड्यातील हौद, नळ आणि सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे ही या योजनेची शेवटची टोके होत. ‘हजारी’ हा शब्द संख्या म्हणून न घेता विपुलतेचा वाचक म्हणून घ्यावा, हे उघड आहे. महालांची नावे कळली तर दरबार समजतो. नळांची दिशा कळली तर वाडा आणि शहर यांचा संबंध समजतो. २०१९ साली मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटजवळ जुना भुयारी मार्ग उघडा पडला, तेव्हा त्याचाही विचार जुन्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भातच करावा लागला. वाड्याचे अवशेष तटाच्या आतच संपत नाहीत, याची ही खूण आहे.

तिसरी गोष्ट अभावात्मक, पण महत्त्वाची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वध झाला. तो नेमका कोठे झाला हे पाहण्याची उत्सुकता प्रत्येक प्रेक्षकास असते. दगड या प्रश्नाचे उत्तर देत नाही. खोल्यांची मांडणी, दरवाजांची अंतरे आणि पळून जाण्याच्या संभाव्य वाटा यांवरून समकालीन वृत्तांतांची शक्याशक्यता पारखता येते. यापलीकडे पुरातत्त्वाने जाऊ नये.

४. उत्खननाने काय नेले

कोणत्याही वस्तीत खालचा थर दाखवावयाचा तर वरचा थर काढावा लागतो. शनिवारवाड्यात काढून टाकलेला वरचा थर म्हणजे १८१८ ते १९२३ या शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास होय. पेशव्यांच्या महालात कैदी ठेवण्यात आले, रोग्यांवर उपचार झाले, पोलिसांची बिऱ्हाडे थाटली गेली, पक्षकार खेटे घालीत राहिले. राज्य गेलेल्या शहराचा नव्या राज्याशी दररोजचा संबंध कसा आला, हे सांगणाऱ्या त्या इमारती होत्या. आज तटाच्या आत त्यांचा मागमूस नाही. प्रेक्षकास असे वाटते की, पेशवाई बुडाली, वाडा जळाला आणि काळ थांबला.

याचा दोष त्या काळच्या अधिकाऱ्यांवर सरसकट ठेवणे न्याय्य होणार नाही. १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि त्यानंतर थरांच्या क्रमाने खोदण्याची, प्रत्येक थराची स्वतंत्र नोंद ठेवण्याची शिस्त भारतात रुजली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेले उत्खनन आपल्याकडील शहराच्या पोटातील निरनिराळ्या काळांच्या वस्तीचा क्रम लावणाऱ्या कामांत गणले जाते. त्यापूर्वीच्या काळात स्मारकाचे उत्खनन म्हणजे बहुधा ढिगारा उपसून वास्तूचा आराखडा मोकळा करणे, असाच अर्थ होता. शिवाय १९२० च्या सुमारास महाराष्ट्राच्या मनात शनिवारवाडा म्हणजे स्वराज्याची आठवण होती. तेथील कचेरी ही परक्या सत्तेची खूण होती. ती हटविताना तिचीही नोंद ठेवावी, असे कोणास वाटले नसल्यास नवल नाही. परंतु भावना समजली म्हणून हानी भरून येत नाही. एकदा उपसलेला थर पुन्हा वाचता येत नाही.

५. नीरेकाठच्या वाड्यांसंबंधी

हा प्रश्न पुण्यापुरता राहिलेला नाही. पेशव्यांच्या वाड्याशी सोयरिकीने व सावकारीने जोडलेली घराणी जिल्हाभर पसरली होती. बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांस दिलेली. त्यांचे बंधू बाबूजी नाईक हे पेशव्यांचे सावकार, आणि १७४० साली पेशवेपदासाठी त्यांचे नाव रघूजी भोसल्यांनी पुढे केले होते. कवी मोरोपंत बारामतीस नाईकांच्या आश्रयास होते. कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा प्रसिद्ध आहे. परंतु बारामती–इंदापूर भागातील लहानमोठे वाडे व गढ्या यांचे भाग्य तसे नाही. ज्या गावाच्या नावातच एका घराण्याची आठवण आहे अशा वडगाव निंबाळकरसारख्या गावातही जुनी वास्तू ही अभ्यासाची वस्तू आहे, याची जाणीव व्हावयास हवी. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, उसाने संपन्नता आली, आणि सिमेंटची घरे उठली, हे स्वाभाविकच होय. गढीची पांढरी माती धाब्यासाठी नि शेतासाठी नेण्याची रीत तर त्याहून जुनी आहे. जोत्याचे चिरे नव्या घराच्या पायात जातात, तळखडा अंगणात बसावयास ठेवला जातो; आणि तळखडा हलला की खणाचे माप कायमचे नाहीसे होते.

प्रत्येक वाडा राखता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. राखता येण्याजोगी गोष्ट म्हणजे नोंद. पडत्या वाड्याची नोंद घेताना शनिवारवाड्याच्या अनुभवावरून चार नियम सांगता येतील. पहिला, तळखडे जागेवर असतानाच खणांची मोजणी करून आराखडा काढावा. दुसरा, आड, हौद, नळ व सांडपाण्याच्या वाटा आराखड्यात अवश्य दाखवाव्या. तिसरा, घराण्याचे कागद व इनामाच्या नोंदी त्या आराखड्याशेजारी ठेवून वाचाव्या, आणि जेथे मेळ बसत नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. चौथा नियम १९२३ मध्ये पाळला गेला नाही, म्हणून तोच अधिक आग्रहाने सांगावयाचा : मूळ धन्याच्या पश्चात त्या वास्तूत जी शाळा भरली, जी चावडी बसली, जे भाडेकरू राहिले, त्यांच्या खुणाही तितक्याच काटेकोरपणे टिपाव्या.

शनिवारवाड्याच्या जोत्यांनी पेशवाईचा आराखडा आपल्याला परत दिला, हे त्या उत्खननाचे श्रेय निर्विवाद आहे. त्यासाठी दिलेली किंमत मात्र हिशेबात धरली गेली नाही. वाड्याच्या इतिहासाचे प्रकरण १८१८ किंवा १८२८ पाशी न संपवता १९२३ पर्यंत नेणे, आणि त्यासाठी इंग्रजी अमदानीतील नकाशे, बांधकामाच्या व न्यायखात्याच्या नोंदी धुंडाळणे, हे काम पदव्युत्तर अभ्यासकांनी अंगावर घेण्याजोगे आहे. जमिनीवरून गेलेला थर कागदात तरी पुन्हा मांडता येतो का, याची परीक्षा त्यातूनच होईल.