निष्क्रिय यीस्ट उत्पादने

किण्वनक्षमता नष्ट केलेल्या यीस्ट कोशिकांपासून मिळणारे पदार्थ. सुकी भुकटी, गोळ्या व अर्क हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. कोशिका उष्णतेने मारून व वाळवून भुकटी करतात. अर्कासाठी कोशिकांतील एंझाइमांकरवीच प्रथिनांचे विघटन घडवून आणतात, कोशिकाभित्ती वेगळ्या काढतात व उरलेला द्रव आटवितात. प्रथिनांचे घटक आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांमुळे ही उत्पादने पौष्टिक ठरतात.

बिअरच्या कारखान्यात उरणारे यीस्ट हा या धंद्याचा जुना कच्चा माल होय. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे १९०२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने त्यापासून ‘मार्माइट’ हा अर्क बनविला. त्याचा एक महत्त्वाचा औषधी गुण मात्र मुंबईत उघडकीस आला.

लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्रज रक्तरोगतज्ञ १९२८ मध्ये मुंबईस आल्या. परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांनी गरीब गर्भवतींच्या तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. या विकारात तांबड्या कोशिकांची संख्या घटते, पण त्यांचे आकारमान वाढते. रोगजंतूंचा शोध निष्फळ ठरल्यावर त्या आहाराकडे वळल्या. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांनाही असाच विकार जडला व तो मार्माइटने बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही गुण आल्याचे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मारक पांडुरोगावर गुणकारी असलेला शुद्ध यकृत-अर्क येथे निरुपयोगी ठरतो, हेही पुढे दिसून आले. त्यावरून यीस्टमधील गुणकारी द्रव्य निराळे असल्याचे सिद्ध झाले. त्यास ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फॉलिक अम्ल ते हेच.

फॉलिक अम्लाचे संश्लेषण साधल्यावर या पांडुरोगावरील उपचारात अर्काची गरज उरली नाही. निष्क्रिय यीस्टचा उपयोग आता सूप, मसालेदार खाद्यपदार्थ, पूरक आहार आणि पशू व कोंबड्यांचे खाद्य यांत होतो. महाराष्ट्रात तळोजा व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील बिअर कारखान्यांतून असे यीस्ट उपलब्ध होऊ शकते. साखर कारखान्यांची मळी यीस्ट वाढविण्यास उपयोगी आहे. परंतु मद्यार्कनिर्मितीसाठीही तिला मोठी मागणी असते.

भारतात १९७० मध्ये पोषणजन्य पांडुरोग-प्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला. आज गर्भवतींना लोहाबरोबर दररोज ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्लाची गोळी देतात. या उपायामागील मूळ संशोधनाचा मोठा भाग मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आजारातून उभा राहिला.