स्वतंत्र चित्रपट : कोणापासून स्वतंत्र?

जुन्नराहून माळशेज घाटाच्या वाटेला लागलें म्हणजे मढ हें गांव लागतें. तेथील एखाद्या तरुणानें आज चित्रपट काढावयाचें मनांत आणलें, तर त्यास अडविणारें कोणी नाहीं. यंत्र खिशांतल्या मोबाइलांत, नट शेजारपाजारचे आणि खर्च बेताचा. मग हा चित्रपट 'स्वतंत्र' म्हणावयाचा काय? थोड्या पैशांत झाला तो स्वतंत्र, ही व्याख्या सोपी खरी. परंतु आपल्याकडील चित्रपटाच्या आरंभाकडे पाहिलें म्हणजे ती अपुरी वाटूं लागते.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं विम्याच्या तारणावर पैसा उभा करून विलायतेस गेले व यंत्रसामग्री घेऊन परतले. रोपाची वाढ दाखविणारा लहानसा चित्रपट काढून त्यांनीं सावकाराचा विश्वास मिळविला. सरस्वतीबाईंचे दागिनेही तारणास गेले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लागला. पैसा उसना होता, हें विसरतां कामा नये. परंतु सावकाराचें लक्ष मुदलावर व व्याजावर. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांस द्यावी, हें ठरविणारे फाळकेच. कर्जबाजारी असूनही हा गृहस्थ पुरता स्वतंत्र होता.

पुढें १९१८ सालीं नाशिकास हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भांडवलाची विवंचना मिटली. पण धनिक भागीदार आले. सावकार व भागीदार यांत अंतर आहे : पहिला हिशेब मागतो, दुसरा मतही देतो. खर्चावरून व कारभारावरून खटके उडूं लागले आणि फाळके कंपनी सोडून काशीस गेले. तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नाटक लिहिलें. कालांतरानें ते परतले, तें वेतनावर. हातीं पैसा अधिक आला तेव्हांच शब्द आपला राहिला नाहीं, हा या चरित्रांतील चटका लावणारा भाग होय.

भागीदारी मुळांतच घातक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' स्थापन झाली. तिच्या पांच भागीदारांपैकीं शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे स्वतः कसबी कारागीर; भांडवलाची बाजू सीताराम कुलकर्णी यांनीं संभाळली. जेथें राबणारे हातच मालक असतात, तेथें 'संत तुकाराम' (१९३६) यासारखें चित्र निपजूं शकतें. १९७६ च्या 'मंथन'साठीं गुजराथेंतील पांच लक्ष दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले. इतक्या धन्यांपैकीं एकट्यादुकट्याचा हुकूम चालणें कठीणच!

एक अडसर मात्र उरतो : चित्रपट दाखवावयाचा कोठें? १९१९ सालीं चॅप्लिन, ग्रिफिथ, मेरी पिकफर्ड व फेअरबँक्स यांनीं अमेरिकेंत युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था काढली, ती आपलीं चित्रें आपणच वितरित करावीं म्हणून. निर्मिति आपली आणि दार दुसऱ्याचें, अशी स्थिति असली तर स्वातंत्र्य अर्धेंच.

मढच्या त्या तरुणास म्हणूनच एवढेंच सांगावेंसें वाटतें : पैसा कोणाचाही घे, पण अखेरचा शब्द कोणाचा, हें पैसा घेण्यापूर्वीं ठरव. आणि पहिला खेळ आपल्याच गांवांत, देवळापुढच्या पटांगणांत लाव. तें दार तरी कोणाच्या मालकीचें नाहीं.