तारखांमधील महिन्यांची गणना
दोन दिनांकांमध्ये किती महिने गेले, हे प्रोग्रॅममध्ये काढण्याची रीत. कर्जाचे हप्ते, नोकरीतील सेवाकाळ, नोटिशीची मुदत अशा कामांत ती रोज लागते. महिना २८ ते ३१ दिवसांचा असल्याने तीत चुका सहज होतात.

नेहमीचे सूत्र असे : वर्षांच्या फरकाला १२ ने गुणावे, महिन्यांच्या क्रमांकांतील फरक मिळवावा आणि अखेरच्या तारखेतला दिवस सुरुवातीच्या दिवसापेक्षा लहान असेल तर एक वजा करावा. १५ मार्च २०२२ ते १० जून २०२४ यांत २४ अधिक ३ म्हणजे २७ येतात. पण १० हा १५ हून लहान, म्हणून पूर्ण महिने २६. दिवसांना ३० ने भागण्याची पळवाट टाळावीच. १ जानेवारी २०१७ ते १ जानेवारी २०२३ या सहा वर्षांचे २,१९१ दिवस तसे भागले तर ७२ ऐवजी ७३ महिने निघतात.

खरा गुंता महिनाअखेरीचा. ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२३ यांचे उत्तर मायएसक्यूएल या डेटाबेसचे 'टाइमस्टॅम्पडिफ' हे फंक्शन शून्य देते. ओरॅकलचे 'मंथ्स_बिटवीन' एक देते, कारण दोन्ही तारखा आपापल्या महिन्याच्या शेवटच्या आहेत. एसक्यूएल सर्व्हरचे 'डेटडिफ' महिना किती वेळा पालटला एवढेच पाहते; ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी या एका दिवसाचाही ते एक महिना धरते. म्हणून पूर्ण झालेले महिने हवेत की पालटलेले, हे कोड लिहिण्याआधीच ठरवून घ्यावे.

बेरजेतही हाच धोका आहे. जावामध्ये ३१ जानेवारी २०२३ ला एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते आणि त्यात आणखी एक मिळवला की २८ मार्च. एकदम दोन मिळवले तर मात्र ३१ मार्च. हप्त्यांच्या तारखा त्यामुळे आधीच्या हप्त्यावरून न काढता दर वेळी मूळ तारखेवरून काढाव्यात.

न्यायालयांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८१ मध्ये 'डॉड्स विरुद्ध वॉकर' खटल्यात भाडेकरूला ३० सप्टेंबरला मिळालेल्या नोटिशीची चार महिन्यांची मुदत ३० जानेवारीला संपल्याचे ठरवले. ३१ जानेवारीला आलेला भाडेकरूचा अर्ज एका दिवसाने हुकला. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची तीन महिन्यांची मुदत म्हणजे ९० दिवस नव्हेत, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. सलग तीन महिन्यांचे दिवस ८९ ते ९२ असे कितीही भरू शकतात.